‘अर्थ न बदलता’ : इंग्रजी वाक्यरूपांतराच्या स्वाध्यायांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रात दहावी-बारावीची परीक्षा दिलेल्या कोणत्याही व्यक्तीस ‘डू ॲज डायरेक्टेड’ हे शब्द परिचित असतात. एक सुटे इंग्रजी वाक्य, त्यापुढे कंसात एक सूचना आणि उत्तरपत्रिकेत एक ओळ, असे या प्रश्नाचे स्वरूप असते. ‘टू’ काढून टाका, ‘नो सूनर...दॅन’ वापरा, प्रयोग बदला, तुलनेचा दर्जा बदला, ‘अनलेस’ने सुरुवात करा, अशा या सूचना असतात. प्रत्येक सूचनेमागे एक अट गृहीत धरलेली असते. ती कधी छापलेली असते, कधी नसते. ती अट अशी की, वाक्याचे रूप बदलावे, परंतु अर्थ बदलू नये. प्रस्तुत लेखात या अटीचीच तपासणी करावयाची आहे. या स्वाध्यायांवर आजवर जी टीका झाली ती बहुधा ‘हे यांत्रिक आहे’ एवढ्यावर थांबते. ती टीका खरी असली तरी अपुरी आहे. पाढे पाठ करणे हेही यांत्रिकच असते, तरी त्यांची उपयुक्तता कोणी नाकारीत नाही. पाढा खरा असतो. वाक्यरूपांतराचा नियम खरा आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

परंपरेचा मागोवा

आपल्याकडील या स्वाध्यायांचे मूळ शोधू लागल्यास रेन आणि मार्टिन यांच्या ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ या ग्रंथाशी थांबावे लागते. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याच्या सेवेत होते. पुढे ‘बो जेस्ट’ (१९२४) या कादंबरीमुळे त्यांना कीर्ती मिळाली. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेले त्यांचे व्याकरण मात्र कादंबरीपेक्षा दीर्घायुषी ठरले. प्रसाद राव यांनी केलेल्या सुधारित आवृत्तीच्या रूपाने ते आजही आपल्या ग्रंथालयांत आहे. या ग्रंथाच्या मांडणीतील एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वाक्यरूपांतराचे प्रकरण व्याकरणाच्या भागात नसून रचनेच्या, म्हणजे लेखनाच्या भागात आहे. त्याच्या एका बाजूस वाक्यपृथक्करण आहे आणि दुसऱ्या बाजूस वाक्यसंश्लेषण. एकच आशय अनेक रीतींनी मांडता यावा, लेखनात वैविध्य यावे, असा हेतू ग्रंथकारांनी त्या प्रकरणास जोडलेला आहे. म्हणजे रूपांतर हे साधन होते आणि लेखन हे साध्य होते.

परीक्षेने या तिहेरी रचनेतून मधला तुकडा तेवढा उचलला. संश्लेषणात तीन-चार सुटी वाक्ये जोडून एक वाक्य करावयाचे असते, आणि त्यास पाच विद्यार्थी पाच योग्य उत्तरे देऊ शकतात. हजारो उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीत तपासणाऱ्या यंत्रणेस ही गोष्ट गैरसोयीची वाटणे स्वाभाविक आहे. रूपांतराला एकच उत्तर असते, निदान तसे मानले जाते.

हा प्रकार सर्वस्वी परकीय आहे असेही नाही. संस्कृतच्या तासाला ‘रामः ग्रन्थं पठति’ याचे ‘रामेण ग्रन्थः पठ्यते’ असे वाच्यपरिवर्तन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. तथापि संस्कृत गद्यात कर्मणी रचना ही नित्याची, किंबहुना आवडीची आहे. तिथे हे परिवर्तन शिकणारा विद्यार्थी पुढील पानावर तीच रचना वाचीत असतो. इंग्रजीत तसे घडत नाही. ‘अ मँगो वॉज ईटन बाय रामा’ असे वाक्य कोणत्या इंग्रज लेखकाने, कोणत्या प्रसंगी लिहिले असेल, याची कल्पना करणे कठीण आहे.

अटीची तपासणी

आता काही नेहमीचे नमुने पाहू. ‘ही इज टू वीक टू वॉक’ याचे ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ हे रूपांतर निर्दोष आहे. अशक्तपणा आणि चालण्याची असमर्थता यांत कार्यकारणसंबंध आहे व तो दोन्ही वाक्यांत टिकतो. आता याच नियमाने ‘शी वॉज टू प्राउड टू आस्क फॉर हेल्प’ हे वाक्य बदलावे. ठरलेले उत्तर ‘...सो प्राउड दॅट शी कुड नॉट आस्क फॉर हेल्प’ असे येते. परंतु अभिमानी स्त्रीला मदत मागता आली नाही, की तिने ती मागितली नाही? मूळ वाक्य याबाबत मौन पाळते. रूपांतर मात्र ‘कुड नॉट’ लिहून असमर्थतेच्या बाजूने कौल देते. एखाद्या विचारी मुलीने येथे ‘वुड नॉट’ लिहिले तर? तिने वाक्याच्या अर्थाचा विचार केला, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिचा गुण धोक्यात येतो. मराठीत ‘अभिमानामुळे तिच्याने मदत मागवेना’ असे शक्यार्थी रूप आहे. इच्छा आणि शक्ती यांच्या सीमारेषेवरची ही अवस्था मराठी मुलाला आपल्या भाषेतून ठाऊक असते. वर्गात ‘मागितली नाही’, ‘मागता आली नाही’ आणि ‘मागवेना’ ही तीन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली, तर ‘कुड’ आणि ‘वुड’ यांतील भेद दहा मिनिटांत कळू शकतो. आदर्श उत्तराच्या सावलीत त्यासाठी वेळ उरत नाही.

‘ॲज सून ॲज’ आणि ‘नो सूनर...दॅन’ या जोडीचे उदाहरण अधिक बोधक आहे. ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट’ याचे ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ असे रूपांतर प्रत्येक शिकवणीवर्गात घोटून घेतले जाते. ‘डिड’ आणायचे, क्रियापद मूळ रूपात न्यायचे, ‘दॅन’ विसरायचे नाही. विद्यार्थी हे तंत्र आत्मसात करतात आणि यथावकाश दोन्ही रचना एकमेकींच्या जागी कुठेही चालतात असे मानू लागतात. मात्र ‘कॉल मी ॲज सून ॲज यू रीच’ हे साधे, रोजच्या व्यवहारातील वाक्य ‘नो सूनर’च्या साच्यात बसत नाही. ‘नो सूनर’ ही कथनाची रचना आहे. घडून गेलेल्या प्रसंगाला ती नाट्य देते, आज्ञा किंवा विनंती तिला पेलत नाही. हा भेदही मराठीत जसाच्या तसा आहे. ‘घंटा वाजताच मुले बाहेर धावली’ आणि ‘घंटा वाजते न वाजते तोच मुले बाहेर धावली’ ही दोन्ही वाक्ये आपण म्हणतो. परंतु ‘पोचताच फोन कर’ असे म्हणणारी आई ‘पोचतोस न पोचतोस तोच फोन कर’ असे म्हणणार नाही. हे ज्ञान विद्यार्थ्याजवळ आधीच असते. पाठ्यपुस्तक ते वापरीत नाही, एवढेच नव्हे तर दोन रचना समानार्थी आहेत असे सांगून ते पुसून टाकते.

‘इफ...नॉट’ आणि ‘अनलेस’ यांचीही गत हीच. ‘तो आला नाही तर मला आश्चर्य वाटेल’ या अर्थाच्या ‘आय शॅल बी सरप्राइज्ड इफ ही डझंट कम’ या वाक्यात ‘अनलेस’ घातल्यास वाक्य विपरीत होते.

तुलनेच्या दर्जांविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘मुंबई हे राज्यातील सर्वांत मोठे शहर’, ‘इतर कोणत्याही शहरापेक्षा मोठे’ आणि ‘मुंबईएवढे मोठे दुसरे शहर नाही’ या तीन विधानांची तार्किक समता टिकते. मात्र पुढची पायरी निसरडी आहे. ‘वन ऑफ द बिगेस्ट सिटीज’ याचे ‘बिगर दॅन मोस्ट अदर सिटीज’ असे रूपांतर मार्गदर्शिकांतून सर्रास दिले जाते. १०० शहरांच्या यादीत ४५ वा क्रमांक असलेले शहर ५५ शहरांपेक्षा मोठे असते, म्हणजे ते बहुतेकांपेक्षा मोठे ठरते. त्याला कोणी ‘सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक’ म्हणणार नाही. संख्याशास्त्राच्या तासाला ज्या विद्यार्थ्याला असा निष्कर्ष काढल्याबद्दल आपण फटकारू, त्याच विद्यार्थ्याला इंग्रजीच्या तासाला पूर्ण गुण मिळतात.

होकारार्थी-नकारार्थी हा प्रकार तर इंग्रजीतून मराठीच्या प्रश्नपत्रिकांतही स्थिरावला आहे. ‘तो श्रीमंत आहे’ याचे ‘तो गरीब नाही’ असे रूपांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कमी नसते. या एका ओळीत सबंध मध्यमवर्ग नाहीसा होतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रयोगाचा प्रश्न

सर्वांत अधिक गोंधळ ‘व्हॉइस’च्या बाबतीत आहे, आणि त्याला आपल्या भाषेचे एक विशेष कारण आहे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ‘ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ असे सांगितले जाते. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्यावे. ‘रामाने चिंच खाल्ली’ असे म्हणताच क्रियापद बदलते, म्हणून मराठी व्याकरणानुसार हा कर्मणी प्रयोग होय. इंग्रजीत मात्र याचा प्रतिरूप ‘रामा एट अ मँगो’ हाच आहे, आणि तो ‘ॲक्टिव्ह’ आहे. ‘रामाने रावणास मारले’ हा भावे प्रयोग. त्याला तर इंग्रजीच्या द्विविध चौकटीत घरच नाही. मराठीतील प्रयोग हा क्रियापद कोणाशी जुळते याचा विचार आहे. इंग्रजीतील ‘व्हॉइस’ हा वाक्याच्या कर्तृस्थानी कोणाला बसवावे याचा विचार आहे. दोन निराळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिले.

हा घोटाळा आपल्या व्याकरणकारांना जाणवला नव्हता असे नाही. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या धर्तीच्या वाक्यांसाठी आपल्या व्याकरणांत ‘नवीन कर्मणी’ असा निराळा प्रकार कल्पिला गेला, आणि तो इंग्रजीच्या वळणाचा आहे हेही नमूद केले गेले. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथातील प्रयोगविचार इंग्रजीच्या अध्यापकांनी एकदा तरी वाचावा असे सुचवावेसे वाटते. आपल्या महाविद्यालयांत इंग्रजी आणि मराठी हे विभाग बहुधा एकाच मजल्यावर असतात. त्यांच्या अभ्यासक्रमांची मात्र परस्परांशी ओळख नसते.

अर्थ न बदलण्याची अट येथेही टिकत नाही. ‘एव्हरी स्टुडंट रेड अ पोएम’ या वाक्यावरून प्रत्येकाने आपापली एक कविता वाचली असा बोध सहज होतो. ‘अ पोएम वॉज रेड बाय एव्हरी स्टुडंट’ म्हटल्यावर सर्वांनी मिळून वाचलेली एकच कविता डोळ्यांपुढे येते. या प्रकारची अडचण नोम चॉम्स्की यांनी १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्येच नोंदविली होती. येथे एक खुलासा आवश्यक आहे. रूपांतराला भाषाशास्त्राचा आधार आहे असे सांगताना चॉम्स्कींचे नाव अनेकदा घेतले जाते. परंतु रेन आणि मार्टिन यांचा ‘ट्रान्सफॉर्मेशन’ हा शब्द त्यापूर्वी सुमारे दोन दशकांचा आहे, आणि चॉम्स्कींचे रूपांतरण हे वाक्यांच्या अमूर्त घडणीचे वर्णन आहे. विद्यार्थ्याने एक वाक्य पाहून दुसरे लिहावे, असा त्याचा आशय कधीच नव्हता. भाषा ही निवडींची व्यवस्था आहे, असे मानणाऱ्या मायकेल हॅलिडे यांच्या विचाराशी तर हे स्वाध्याय थेट विसंगत आहेत. वाक्याच्या आरंभी काय ठेवावे, ही निवड करणे हाच त्या विचारानुसार अर्थाचा एक भाग होय.

‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘लाठीमार करण्यात आला’ या दोन मथळ्यांची वृत्तपत्रे निराळी असतात. वाचकाला हे कळते. ‘माझ्याकडून चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’ यांतील अंतर तर लहान मुलालाही कळते, कारण शिक्षा त्यावर अवलंबून असते.

अन्यत्रचे दोन प्रयत्न

केंब्रिजच्या परीक्षांतही वाक्यरूपांतर आहे. तेथील ‘प्रोफिशियन्सी’ परीक्षा १९१३ पासूनची, तर ‘फर्स्ट सर्टिफिकेट’ हे नाव १९७५ पासूनचे. ती परीक्षा आता ‘बी टू फर्स्ट’ या नावाने घेतली जाते. तीत एक वाक्य, एक न बदलता वापरावयाचा शब्द आणि मध्ये जागा सोडलेले दुसरे वाक्य दिलेले असते. रिकामी जागा दोन ते पाच शब्दांत भरावयाची असते. असे सहा प्रश्न असतात आणि प्रत्येकास दोनपर्यंत गुण मिळतात, म्हणजे अर्धे बरोबर उत्तरही वाया जात नाही. येथे नियमाचे नाव सांगितलेले नसते. विद्यार्थ्याला शब्दांचे साहचर्य ठाऊक असावे लागते. आपल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’पेक्षा हा प्रकार निश्चितच सरस आहे. तथापि तेथेही वाक्य निराधारच आहे. ते कोणी, कोणाला, कशासाठी म्हटले याचा पत्ता नाही. मोजमापाचे साधन म्हणून ते स्वीकारता येते, अध्यापनाचे साधन म्हणून नाही.

अमेरिकेत जॉन मेलन (१९६९) व फ्रँक ओहेअर (१९७३) यांनी वाक्ये जोडण्याच्या सरावाचा लेखनावर होणारा परिणाम अभ्यासला. ओहेअर यांनी तर व्याकरणाच्या संज्ञा न शिकविताच हा सराव देऊन पाहिला, आणि मुलांच्या लेखनातील वाक्ये प्रौढ झाल्याचे त्यांना आढळले. ही मुले इंग्रजी मातृभाषेची होती, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण रेन आणि मार्टिन यांच्या तिहेरी रचनेतील जो तुकडा आपण टाकून दिला, नेमका तोच त्यांनी उचलला होता.

गुणांचे वास्तव

येथवरच्या विवेचनावरून हे स्वाध्याय त्वरित बंद करावेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात येणारा, घरात प्रथमच शिकणारा विद्यार्थी उताऱ्यावरील प्रश्नांपुढे हतबल होतो. निबंधाला तो हात लावीत नाही. ‘डू ॲज डायरेक्टेड’ मात्र तो सोडवितो. तेथे नियम पाठ करता येतो, आणि मेहनतीचे फळ गुणांत दिसते. इंग्रजीचा पेपर त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा असताना या प्रश्नाने त्याला हाताशी एक शिडी दिली आहे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या, संदर्भावरून अर्थ हेरणाऱ्या विद्यार्थ्याला तिची गरज नसते. म्हणून ‘यांत्रिक प्रश्न काढा आणि सर्जनशील प्रश्न घाला’ ही मागणी जेव्हा केली जाते, तेव्हा तिचा भार कोणावर पडेल हेही विचारले पाहिजे. सुशिक्षित घरांतील पालकांना ती मागणी जितकी प्रिय असते, तितकी ती निरुपद्रवी नसते.

पण शिडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळविणारे विद्यार्थी प्रथम वर्षात रजेचा साधा अर्ज लिहिताना अडखळतात, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. त्यांनी ‘नो सूनर’ शेकडो वेळा लिहिलेले असते, पण स्वतःची एकही गोष्ट सांगताना ते वापरलेले नसते. नोकरीच्या मुलाखतीत हा विद्यार्थी बसतो तेव्हा त्याला कोणी ‘टू’ काढून टाकायला सांगत नाही. ज्या गुणांनी त्याला आपण उत्तीर्ण केले, त्यांचे तेथे काही चालत नाही. हे त्याला उशिरा कळते, आणि तेव्हा तो दोष स्वतःलाच देतो.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो प्रयोग केला आणि १९८७ च्या ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’मध्ये मांडला, त्याचे सूत्र असे की, विद्यार्थ्याचे लक्ष आशयावर असताना रूप अधिक चांगले आत्मसात होते. ते सूत्र सर्वस्वी स्वीकारून नियमांचा सराव सोडावा, इतकी मोकळीक आपल्या परीक्षापद्धतीत नाही. परंतु सरावाची दिशा उलटी करता येईल. एक वाक्य देऊन दुसरे मागण्याऐवजी दोन्ही वाक्ये द्यावीत, एक प्रसंग द्यावा, आणि येथे कोणते वाक्य शोभेल व का, असे विचारावे. ‘का’चे उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा असावी. नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची मेहनत त्यात वाया जात नाही, कारण दोन्ही रूपे ओळखण्यासाठी ती लागतेच.

अशा स्वाध्यायासाठी साहित्य दूर शोधावे लागत नाही. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ‘स्टुडंट्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड’ असे लिहिलेले असते, आणि शेजारी ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ अशी मराठी सूचना असते. ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ या शब्दांनी आरंभ होणारी विनंती ही विनंती नसते, हे विद्यार्थी अनुभवाने जाणतात. या सूचना ‘ॲक्टिव्ह’मध्ये लिहावयास सांगाव्यात. पहिल्याच वाक्यात विद्यार्थी अडतो, कारण कर्त्याच्या जागी कोणाला बसवावे हे त्याला ठरवावे लागते. शुल्काची मुदत कोणी ठरविली? प्राचार्यांनी, कार्यालयाने, विद्यापीठाने की शासनाने? सूचनेत ते कोठेही नसते. काही विद्यार्थी ‘वी’ लिहितील, काही ‘द प्रिन्सिपल’, आणि एखादा विचारील की हे नेमके कोण कळविते, ते कार्यालयात जाऊन विचारू का. या तिघांनाही गुण द्यावे लागतील, आणि चौथा जो ‘समवन इन्फॉर्म्स द स्टुडंट्स’ असे नियमाबरहुकूम लिहील त्याला किती द्यावेत, हे अभ्यास मंडळांच्या पुढील बैठकीत ठरवावे लागेल.